खिशातल्या कॅमेऱ्याचा भाव

2016 च्या जानेवारीत कॅननने एक छोटा कॅमेरा आणला. आपल्याकडे त्याचं नाव इक्सस 285 एचएस, अमेरिकेत पॉवरशॉट एल्फ 360 एचएस. 20 मेगापिक्सेल, बारा पट झूम, वजन दीडशे ग्रॅमच्या आत आणि अमेरिकेतली किंमत 210 डॉलर. तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. फोनने कॅमेऱ्याचा घास घ्यायला सुरुवात केली होती आणि दुकानदार असले डबीएवढे कॅमेरे काचेच्या खालच्या फळीवर सरकवत होते. 2025 मध्ये कॅननने तोच कॅमेरा पुन्हा बाजारात उतरवला. नावाच्या शेवटी एक ‘ए’ लावला, नेहमीच्या एसडी कार्डाची खाच काढून मायक्रो एसडीची केली, थेट प्रिंटरकडे फोटो पाठवायची सोय वगळली आणि किंमत ठेवली 379 डॉलर. सेन्सर तोच, लेन्स तीच. इलेक्ट्रॉनिक वस्तू नऊ वर्षांची झाली की भंगारात जाते, निदान तिचा भाव तरी पडतो, हा आपला रोजचा अनुभव. इथे वस्तू शिळी झाली, तिच्यातल्या सोयी कमी झाल्या आणि भाव मात्र ऐंशी टक्क्यांनी चढला.

असं का झालं, हे कळल्याशिवाय ‘परवडणारा छोटा कॅमेरा कोणता घ्यावा’ या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही.

जपानी कॅमेरा कंपन्यांची ‘सिपा’ नावाची संघटना दरवर्षी किती कॅमेरे कारखान्याबाहेर पडले त्याचा हिशेब देते. 2010 मध्ये लेन्स न बदलता येणारे कॅमेरे, म्हणजे मुख्यतः हे खिशातलेच, सुमारे 10 कोटी 86 लाख गेले. 2023 मध्ये तो आकडा 17 लाखांच्या आसपास आला होता. शंभरातले अठ्ठ्याण्णव गेले, दोन उरले. मधल्या काळात कोडॅकने 2012 मध्ये स्वतः कॅमेरे बनवणं थांबवलं, कॅसिओ 2018 मध्ये या धंद्यातून उठली, ऑलिम्पसने 2021 च्या तोंडावर आपला कॅमेरा विभागच वेगळा करून विकला. जे टिकले त्यांनी स्वस्त माल बनवणं सोडून महागड्या कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळवला. आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक परत आलं. 2024 मध्ये सिपाचा आकडा 19 लाखांच्या जवळ सरकला. तो फार मोठा नाही, पण पुरवठाच आटलेला असताना एवढी मागणीसुद्धा भाव चढवायला पुरते.

हे परत आलेलं गिऱ्हाईक वयाने लहान आहे. 2008 ते 2012 या काळात मराठी मध्यमवर्गीय घरात ‘डिजिटल’ हा शब्द विशेषण राहिला नव्हता, ते वस्तूचं नाव झालं होतं. ‘मावशीकडे डिजिटल आहे, तिला सांग आणायला,’ असं साखरपुड्याच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितलं जाई. अनुष्का शर्मा आणि प्रियांका चोप्रा या कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत झळकत होत्या. ज्या मुलांचे बारशाचे आणि पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्या कॅमेऱ्यांनी काढले गेले, ती आता शाळा-कॉलेजात आहेत. घरातल्या कपाटात सापडलेला कॅमेरा ती ‘डिजिकॅम’ म्हणून मिरवतात. फ्लॅशने पांढरेफटक झालेले चेहरे, मागे काळाकुट्ट अंधार, कोपऱ्यात केशरी आकड्यांतली तारीख. आई-वडिलांना जे दोष वाटायचे, तेच त्यांना हवं आहे. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. बाजारात मात्र त्याचा परिणाम असा झाला, की ‘भंगार’ म्हणून दिलेल्या वस्तूला आता ‘व्हिंटेज’ म्हणून मोल आलं.

आता मोजमापाकडे वळू. कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरात मेगापिक्सेल छापलेले असतात, आणि निवड करताना सगळ्यात कमी उपयोग त्याच आकड्याचा होतो. पाहायचा असतो सेन्सर, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश ज्या चकतीवर पडतो तिचा आकार. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत बहुतेक करून 1/2.3 इंची सेन्सर असतो. नाव ऐकून फसू नये. हे इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या मापावरून आले आहेत आणि त्यांचा चकतीच्या खऱ्या मापाशी सरळ संबंध नाही. प्रत्यक्षात ती चकती साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटरची, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सरही इंचभर नसतो. तो 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. क्षेत्रफळ काढलं तर पहिला 28 चौरस मिलिमीटर, दुसरा 116. चौपट मोठं पातेलं पावसात ठेवलं तर पाणीही चौपट साठतं, तसंच प्रकाशाचं.

फोनची गंमत इथे कळते. मध्यम किमतीच्या अनेक फोनांत मुख्य सेन्सर आता 1/2 इंच किंवा त्याहून मोठा असतो, म्हणजे डाळीच्या दाण्याच्या बरोबरीचा किंवा त्याच्या पुढचा. शिवाय त्याच्या लेन्सचं तोंड जास्त उघडं असतं. फोनची मुख्य लेन्स एफ/1.8 च्या आसपासची, तर वर सांगितलेल्या इक्ससची रुंद कोनात एफ/3.6 आणि झूम पूर्ण ताणल्यावर एफ/7. एफ/3.6 आणि एफ/1.8 यांत प्रकाशाचा फरक चौपट पडतो. त्यातही फोन एकच फोटो काढून थांबत नाही. बटण दाबताच तो पाठोपाठ अनेक फोटो घेतो, एकावर एक बसवतो, हललेले भाग टाकून देतो, अंधार उजळतो आणि आकाश फिकं पडू देत नाही. छोट्या कॅमेऱ्याकडे ही अक्कल जवळपास नसते.

म्हणून निकाल आधीच सांगून टाकावा. ज्याच्या हातात गेल्या तीन-चार वर्षांतला बऱ्यापैकी फोन आहे, त्याने ‘फोटो चांगले यावेत’ एवढ्याच हेतूने डाळीच्या दाण्याएवढ्या सेन्सरचा नवा कॅमेरा घेऊ नये. संध्याकाळी घरात काढलेला फोटो फोनचाच सरस येईल. दुकानदार काहीही म्हणो.

तरीही दोन गोष्टींत हा छोटा कॅमेरा फोनला अजून भारी पडतो. पहिली म्हणजे फ्लॅश. फोनवर असतो तो एलईडीचा दिवा. तो टॉर्चसारखा पेटून राहतो, पण त्याचा जोर कमी असल्याने शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश झेनॉन वायूच्या नळीचा असतो. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात त्या नळीतून जाते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लख्ख उजेड पडून विझतो. तेवढ्या क्षणात जे असेल ते गोठतं. लग्नाच्या वरातीत बेंजोच्या तालावर नाचणारा मामा फोनमध्ये चार हातांचा पुसट ठिपका दिसतो. याच मामाचा फोटो जुन्या दोन-तीन हजारांच्या कॅमेऱ्याने काढला तर हवेत गेलेला पाय, विस्कटलेले केस, कपाळावर निथळणारा घाम, सगळं टाचणीने टोचल्यासारखं स्पष्ट येतं. मामाच्या मागची मंडळी मात्र काळोखात जातात, कारण या फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटरचाच. विसर्जनाच्या मिरवणुकीत लांबच्या ट्रकवरच्या गणपतीवर फ्लॅश मारणारे दर वर्षी दिसतात. त्यांच्या फोटोत पुढच्या माणसाचं टक्कल तेवढं चमकतं.

दुसरी गोष्ट झूम. फोनमध्ये दोन बोटांनी चिमटा उलटा उघडला की चित्र मोठं दिसतं, पण मुख्य लेन्सच्या पुढे गेल्यावर बहुतेक वेळा ते नुसतं कापून फुगवलेलं असतं. महागड्या फोनात लांबच्या पल्ल्याची वेगळी लेन्स असते, मध्यम किमतीच्या फोनात बहुधा नसते. कॅमेऱ्यात काचा खरोखर पुढे-मागे सरकतात. इक्ससचा बारा पट झूम 25 पासून 300 मिलिमीटरपर्यंत जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत बसून रंगमंचावरच्या आपल्याच मुलीचा चेहरा पकडायचा, तर हा पल्ला कामाचा. अट एकच, रंगमंचावर उजेड चांगला हवा. एफ/7 च्या तोंडातून फार प्रकाश आत येत नाही.

अगदी खालच्या किमतीत आज नव्याने मिळणारं ठळक नाव म्हणजे कोडॅक पिक्सप्रो. हा कॅमेरा मूळ कोडॅकचा नाही. जेके इमेजिंग ही कॅलिफोर्नियातली कंपनी ते नाव परवान्याने वापरते. एफझेड 55 या नमुन्यात 16 मेगापिक्सेल, पाच पट खरा झूम आणि झेनॉन फ्लॅश आहे, अमेरिकेत तो शंभर-दीडशे डॉलरच्या पट्ट्यात विकला जातो. एफझेड 45 त्याहून साधा, चार पट झूमचा, पण तो पेन्सिल सेलवर चालतो. गावाकडच्या किराणा दुकानातही सेल मिळतात, हा त्याचा मोठेपणा. दोघांचेही फोटो दिवसाउजेडी ठीक, सावलीत सपाट, संध्याकाळी दाणेदार. शाळकरी मुलाच्या हातात पहिला कॅमेरा द्यायचा असेल तर यांच्यात काही वाईट नाही. 2025 मध्ये कोडॅकच्याच नावाने चार्मेरा हा किल्लीच्या जुडग्याला अडकवायचा कॅमेरा आला. वजन 30 ग्रॅम, 1.6 मेगापिक्सेल, किंमत 30 डॉलर. तो खेळणं आहे आणि खेळणं म्हणूनच विकला जातो, त्यामुळे त्याच्याशी भांडण नाही.

भांडण आहे ते दुसऱ्याच मालाशी. ऑनलाइन दुकानात ‘डिजिटल कॅमेरा’ शोधलं की ओळीने अनोळखी नावांचे कॅमेरे येतात. ‘48 मेगापिक्सेल, 4के, 16 पट झूम’ असं लिहिलेलं, किंमत चार-सहा हजार आणि पाच तारे. यांतल्या अनेकांचं पोट उघडून पाहिलं तर आत वेबकॅमच्या जातीचा चिमुकला सेन्सर आणि न हलणारी प्लॅस्टिकची लेन्स निघते. सेन्सर खरे पिक्सेल देतो त्याच्या कितीतरी पट बिंदू सॉफ्टवेअर मधेमधे भरतं आणि ते 48 मेगापिक्सेल होतात. दुधात पाणी घालून लिटर वाढवावं तसं. ‘16 पट झूम’च्या मागे बारीक अक्षरात ‘डिजिटल’ लिहिलेलं असतं. ओळखायची सोपी खूण लेन्सच्या कडेवर असते. खऱ्या झूमच्या कॅमेऱ्यावर दोन आकड्यांचा पल्ला छापलेला असतो, जसा 4.5 ते 54 मिलिमीटर. एकच आकडा असेल किंवा काहीच नसेल आणि तरी झूमच्या बाता मारलेल्या असतील, तर पुढे जावं.

मधल्या पट्ट्यात प्रवासाला न्यायचे लांब झूमवाले कॅमेरे येतात. सोनी एचएक्स 99 आणि 2025 मध्ये आलेला पॅनासोनिक ल्युमिक्स टीझेड 99, दोघांचाही पल्ला 24 ते 720 मिलिमीटर, म्हणजे तीस पट. भर दुपारी पाणवठ्यावरचा पक्षी किंवा गडाच्या माचीवरून समोरच्या डोंगरावरचं देऊळ पकडायला ते उत्तम. सेन्सर मात्र तोच डाळीचा दाणा, त्यामुळे सूर्य मावळला की यांची दुकानंही बंद. पॅनासोनिकने नव्या नमुन्यात यूएसबी-सी खाच दिली, त्याला कारण आहे. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून फोनबरोबर डिजिटल कॅमेऱ्यांनाही हीच चार्जिंग खाच सक्तीची केली. फायदा आपलाही झाला. प्रवासात एक वायर कमी.

पावसाळ्यापुरता एक वेगळाच गडी आहे. ऑलिम्पसचा टफ टीजी-6 आणि 2023 मध्ये ओएम सिस्टिम या नव्या नावाने आलेला त्याचा वारस टीजी-7. हा 15 मीटर खोल पाण्यात चालतो, माणसाच्या उंचीवरून पडला तरी तगतो आणि याची लेन्स शरीराबाहेर येतच नाही. सेन्सर लहान, मेगापिक्सेल अवघे 12. आला तेव्हा किंमत 550 डॉलर, म्हणजे स्वस्त म्हणता येणार नाही. पण याची खरी करामत जवळून पाहण्यात आहे. लेन्सपासून एका सेंटिमीटरवरची वस्तू तो टिपतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कास पठारावर पाऊस आडवा येत असताना, मोबाइल पिशवीत गुंडाळून बसलेली मंडळी छत्रीखाली कुडकुडत असतात. सीतेची आसवं हे तिथलं जांभळट निळं फूल नखाएवढं असतं. त्याच्या पाकळीवर पाण्याचा थेंब, थेंबात उलटं आकाश, असा फोटो वाटेच्या कडेला गुडघे टेकून, फुलं न तुडवता काढायचा, तर या कॅमेऱ्याला तोड नाही. गिर्यारोहक, वनस्पतींचे अभ्यासक आणि कोकणात घर असलेले लोक यांनी दोन पैसे जास्त घालून तो घ्यावा. बाकीच्यांना त्याचा उपयोग वर्षातून चार दिवस.

आता करंगळीच्या नखाकडे. 2012 मध्ये सोनीने आरएक्स 100 आणला आणि खिशातल्या कॅमेऱ्याची व्याख्याच बदलली. एक इंची सेन्सर, 28 ते 100 मिलिमीटरची एफ/1.8 पासून सुरू होणारी लेन्स, वजन 240 ग्रॅम, किंमत 650 डॉलर. तेव्हा ती फार वाटली. 2014 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेन्स 24 ते 70 ची झाली, पण पूर्ण झूमवरही एफ/2.8 राहिली आणि डोळा लावायचा छोटा व्ह्यूफाइंडर आला. चौथ्यापासून 4के व्हिडिओ, सहाव्यापासून 200 मिलिमीटरचा पल्ला, 2019 ला सातवा. सोनीने एक चांगलं केलं, सातही आवृत्त्यांना बॅटरी एकच ठेवली, एनपी-बीएक्स 1. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांपूर्वीचा कॅमेरा घेतला तरी बॅटरीसाठी वणवण होत नाही. कॅननचा जी 7 एक्स याच पंगतीतला. 2016 ची दुसरी आणि 2019 ची तिसरी आवृत्ती, दोन्हींची लेन्स 24 ते 100, एफ/1.8 ते 2.8, स्क्रीन वर उलटून स्वतःचा चेहरा पाहता येतो. तिसरा 749 डॉलरला आला होता. टिकटॉक आणि इन्स्टाग्रामवाल्यांनी तो डोक्यावर घेतल्यापासून भाव उतरायचं नाव घेत नाही, आणि मध्यंतरी जपानात मागणी पुरवता येईना म्हणून ऑर्डरी थांबवाव्या लागल्या होत्या. कॅमेरा चांगला आहे, त्याच्या प्रसिद्धीइतका नाही. त्याच लेन्सचा, जवळजवळ तसाच फोटो देणारा दुसऱ्या आवृत्तीचा नमुना बराच स्वस्तात मिळतो. त्याचं नाव कुणी घेत नाही एवढाच त्याचा दोष.

नव्यात स्वस्त एक इंची हवा असेल तर सोनीचा झेडव्ही-1 एफ हा पर्याय राहतो, भारतात तो पन्नास हजारांच्या घरात आला. त्याला झूमच नाही, 20 मिलिमीटरची रुंद लेन्स तेवढी. हात लांब करून स्वतःशी बोलणाऱ्यांसाठी तो बेतलेला आहे. त्याने जवळून माणसांचे फोटो काढले तर कडेला उभी असलेली आत्या रुंदीने दीडपट दिसते आणि घरात भांडण लागतं. रोजच्या फोटोंसाठी हा कॅमेरा नव्हे. ज्यांना प्रवासाचा झूमही हवा आणि नखाएवढा सेन्सरही, त्यांच्यासाठी पॅनासोनिकचा 2016 चा टीझेड 100 अजून मोलाचा आहे. 25 ते 250 मिलिमीटरचा पल्ला खिशात मावतो आणि वापरलेला सापडला तर फार ओरबाडत नाही.

त्याच्या वरचे रिको जीआर आणि फुजीचा एक्स 100 हे या लेखाच्या कुंपणाबाहेरचे. रिको जीआर 3 मध्ये डीएसएलआरएवढा सेन्सर 257 ग्रॅमच्या शरीरात बसवलेला आहे, ही करामत पाहून थक्क व्हायला होतं. पण ‘परवडणारा’ हा शब्द तिथे शोभत नाही.

एका समजुतीचा समाचार घ्यायला हवा. जुन्या कॅमेऱ्यांचा सीसीडी सेन्सर ‘जिवंत रंग’ देतो, नवे सीमॉस सेन्सर ‘मेलेले’ रंग देतात, असं हल्ली मोठ्या खात्रीने सांगितलं जातं आणि त्या जोरावर हजाराची वस्तू पाच हजाराला विकली जाते. सेन्सर कोणत्याही जातीचा असो, त्याला रंग कळत नाहीत, कळतो फक्त उजेड. रंग ठरतात त्याच्यावर बसवलेल्या बारीक गाळण्यांमुळे आणि कंपनीने आत भरलेल्या गणितामुळे. जुन्या कॅमेऱ्यांचं गणित भडक होतं, गडद काळं आणि जळालेलं पांढरं तसंच राहू देणारं. ते आवडत असेल तर जरूर घ्यावं, फक्त सीसीडीचा अधिभार म्हणून जास्त पैसे देऊ नयेत. उलट सीसीडीचा एक काळा इतिहास आहे. 2002 ते 2004 च्या सुमारास सोनीने बनवलेले आणि अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले सीसीडी उष्ण-दमट हवेत निकामी होऊ लागले, चित्र जांभळं किंवा काळं येऊ लागलं. 2005 मध्ये सोनी, कॅनन, निकॉन, फुजी या सगळ्यांना ते मान्य करून फुकट दुरुस्तीची घोषणा करावी लागली. आज ती दुरुस्ती कोण करणार? उष्ण आणि दमट म्हणजे तर आपली किनारपट्टीच.

जुना घ्यायचा तर डोळ्यासमोर घ्यावा. मुंबईत सीएसएमटीच्या बाजूला फोर्टातल्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची दुकानं दाटीवाटीने आहेत. जाताना खिशात एक एसडी कार्ड आणि फोनचा टॉर्च, एवढी सामग्री पुरे. दुकानदार कपड्याने पुसून कॅमेरा पुढे ठेवतो. लगेच चालू करू नये. आधी उलटा करून तळाचे स्क्रू पाहावे. त्यांच्या खाचा ओरखडलेल्या असतील तर कुणीतरी तो उघडला आहे. बॅटरीचं झाकण उघडून बॅटरी बाहेर येते का पाहावं, अडकली तर ती फुगली आहे. संपर्काच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर नसावा. मग चालू करावा आणि कान द्यावा. चांगल्या कॅमेऱ्याची लेन्स ‘झुंई’ करून एका दमात बाहेर येते. ‘कर्र-टक’ असा आवाज म्हणजे आत वाळू. चौपाटीवर किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पिशवीत टाकलेल्या कॅमेऱ्यांचं मरण बहुधा याच आवाजाने सुरू होतं. जेजुरीला भंडारा उधळत असताना झूमचा कॅमेरा उघडणाऱ्यांचंही तेच. झूम टोकापर्यंत नेऊन परत आणावा, पाच वेळा. स्क्रीनवर एकदा जरी ‘लेन्स एरर’ उमटलं तर नमस्कार करून निघावं, कारण मजुरीच कॅमेऱ्याच्या किमतीला भिडते.

मग टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास धरते. पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढून मोठा करून पाहावा. एकाच जागी राखाडी डाग येत असेल तर सेन्सरवर धूळ आहे, आणि अशा कॅमेऱ्याचा सेन्सर घरी पुसता येत नाही. फ्लॅश तीनदा मारून बघावा, तो पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते मोजावं. शेवटी आपलं कार्ड घालावं. इथे अनेकांची फजिती होते. 2006 च्या आधीचे बहुतेक कॅमेरे 2 जीबीच्या पुढचं कार्ड ओळखतच नाहीत, त्यानंतरचे अनेक 32 जीबीवर थांबतात. जुन्या ऑलिम्पस आणि फुजी कॅमेऱ्यांत एक्सडी नावाचं कार्ड लागतं, ते आता नव्याने बनत नाही. कॅमेरा दोन हजारांना आणि त्याचं कार्ड हजाराला, असा व्यवहार त्यातून घडतो.

सरकारी बाजूने एक दिलासा जुना आहे. 1 जानेवारी 2019 पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. बिल टाळून पूर्वीएवढी बचत आता होत नाही, म्हणून नवा घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी यांचा आग्रह धरावा. ‘बाहेरून मागवलेला पीस, बिल नाही, चार हजार कमी’ हे गणित पहिल्या दुरुस्तीत उलटतं.

मग घ्यायचा कोणता? लहान मुलाला शिकायला द्यायचा तर पिक्सप्रो. पावसात, पाण्यात आणि फुलांत रमणाऱ्याला टफ. वरातीतला मामा गोठवायचा एवढीच हौस असेल तर घरातल्या कपाटातला जुना कॅमेरा काढून त्याला नवी बॅटरी घ्यावी, एक रुपयाही जास्त खर्चू नये. रोज खिशात ठेवून फोनपेक्षा खरोखर वेगळे फोटो काढायचे असतील तर वापरलेला एक इंची, आणि त्यातही पहिला किंवा तिसरा आरएक्स 100 किंवा कॅननचा दुसरा जी 7 एक्स. आणि तो 379 डॉलरचा इक्सस? त्याचा 2016 चा जुळा भाऊ बोरा बाजारात निम्म्या पैशांत दिसला तर खुशाल घ्यावा. लेन्स तीच आहे, आणि त्याला नेहमीचं एसडी कार्ड बसतं.